अस्वलाच्या तोंडातला माणूस

रघुवीर पांचाळाचा उजवा हात हा इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या बोलण्यातला कायमचा विषय. त्या हातानं त्यानं एका पबचं दार फोडलं, फाउंड्रीतल्या एका फोरमनचा जबडा निखळवला आणि आमच्या गणेशोत्सवात ढोल असा बडवला की पान टराटरा फाटलं. पुढच्या वर्षी मंडळानं शहाणपण करून त्याच्या हातात झांजा दिल्या, तर त्या वाकड्या करून परत केल्या. असा गडी.

गाव पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला. सुताराच्या पोटचा. बापानं हातात लाकूड तासायचा वाकस दिला, मामानं तालमीत नेऊन लंगोट बांधला. त्यामुळं लाकूड तासणं आणि माणूस आपटणं या दोन विद्या त्याला बरोबरच आल्या. आमच्या शाळेत मास्तर पाढे चुकले की छडी मारायचे. रघुवीरला मारून छडीच मोडली, म्हणून त्याला पाढे माफ झाले. मी सातवीपर्यंत शिकलो, तो चौथीत सुटला, आणि दोघंही एकाच विमानानं इकडं आलो. मी बस चालवायला लागलो. तो फाउंड्रीत शिरला, जिथं लोखंड पाण्यासारखं वाहतं आणि माणसं मेणासारखी वितळतात. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ सतीश आला.

त्या सत्तरच्या दशकात शनिवारी आपल्या माणसानं एकट्यानं गावात जायचं म्हणजे डोकं घरी ठेवून जावं असा प्रकार होता. टकले, मोठे बूट घातलेले गोरे पोरगे टोळीनं फिरायचे. तसल्याच एका शनिवारी, चांगल्या उजेडात, सतीशला त्यांनी मारला. तेवीस-चोवीसचा असेल. रघुवीर सांगायचा, पाच जणांशी लढला, दोघांना आडवं केलं, सहाव्यानं मागनं वार केला म्हणून पडला. मीही ही हकिकत वर्षानुवर्षं बारशाला, बाराव्याला, जिथं चार माणसं जमतील तिथं रंगवून सांगत आलो. ठोशांच्या आवाजासकट. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. मारेकरी काही सापडले नाहीत. त्यानंतर रघुवीर समोर येईल त्याला ठोकत सुटला, आणि दर वेळी त्याची बायको सुप्रभा पोलीस चौकीत जाऊन त्याला सोडवून आणायची. एकदा म्हणाली, चौकीतला चहा मला आता घरच्यापेक्षा बरा लागतो.

आणखी एक गंमत सांगून ठेवतो. इंग्लंडात इतकी वर्षं राहून या माणसानं चिप्सला हात लावला नाही. माशांबरोबर मिळतात त्या बटाट्याच्या. दुकानाचा वास आला की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचा. आम्ही समजायचो, गड्याला तेल बाधतं.

फाउंड्री बंद पडली तेव्हा रघुवीर उतारवयाला लागला होता. शहराबाहेर एका जुन्या हवेलीत एक छोटं म्युझियम आहे, तिथल्या बागेची, कुंपणाची, दारंखिडक्यांची देखभाल करायचं काम त्याला मिळालं. गाडी चालवता येत नाही, म्हणून मीच त्याला सोडायचो. आणि तिथं हिरवळीच्या टोकाला तो खांब उभा होता.

खांब म्हणजे काय, तीन मजली उंच, एका अखंड झाडाचा. सीडर नावाच्या लाल लाकडाचा. कॅनडाच्या पश्चिमेला समुद्रात बेटं आहेत, तिथल्या हायडा लोकांनी कोरलेला. शंभरेक वर्षांमागं हवेलीच्या मालकानं जहाजात घालून आणला. त्यावर एकावर एक प्राणी बसलेले. तळाला भलंमोठं अस्वल, दात विचकलेलं, आणि त्याच्या तोंडात एक एवढासा माणूस, कमरेपर्यंत आत गेलेला. त्याच्यावर पंख मिटलेला डोमकावळा. त्याच्यावर डोकं खाली केलेला देवमासा. आणि सगळ्यात वर उंच टोपी घातलेला एक इसम, लांब नजर लावून बसलेला.

रघुवीरनं तो पहिल्यांदा पाहिला आणि जागच्या जागी हात जोडले. मला म्हणाला, "अरे, हा तर वीरगळ."

आमच्या गावाबाहेर देवळाशेजारी वीरगळ आहेत ना. गाई पळवणाऱ्या दरोडेखोरांशी, नाहीतर परचक्राशी झुंजून जो मेला, त्याचा कोरीव दगड. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत मारामारी, वीर पडलेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात. त्याच्यावर तो महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हातारी माणसं त्या पडलेल्या वीराला शेंदूर फासतात.

रघुवीरनं हा खांबही तसाच खालून वर वाचला. तळाला वीर, राक्षसाच्या तोंडात. वर पंखवाली, ती अप्सरा. मी म्हटलं, अरे हिला चोच आहे. तर म्हणतो, या देशातली अप्सरा अशीच असणार. देवमाशाला त्यानं नंदी ठरवला. वरचा टोपीवाला म्हणजे महादेव, थंडीमुळं टोपी घातलेला. सगळं व्यवस्थित जुळवलं. आणि त्या एवढ्याशा माणसाला त्यानं काय ठरवलं असेल, ते मी विचारलंच नाही. पुढच्या शनिवारी त्यानं कोल्हापूरहून आणलेल्या डबीतला शेंदूर जवसाच्या तेलात कालवला आणि त्या माणसाला डोक्यापासून कमरेपर्यंत फासला. तेव्हापासून दर वर्षी एका ठरल्या दिवशी एक थर. म्युझियमच्या लोकांना वाटायचं, हायडा लोकांनीच तो रंग दिलाय. पाहुण्यांना तसं सांगायचेही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात खांब कलला. बुंधा जमिनीखाली सडला होता. क्रेननं त्याला उतरवून शेडमध्ये लाकडी घोड्यांवर आडवा निजवला, आणि दुरुस्तीसाठी ब्रिस्टलहून ग्रॅहम नावाचा माणूस आला. जुन्या लाकडाचा डॉक्टर म्हणा. काटकुळा, सभ्य, कामात पक्का. हायडांकडून एक कारागीर येणार होता, त्याच्या आधी सडका बुंधा कापून ठेवायचा असं ठरलं होतं.

त्या दिवशी मी रघुवीरचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. शेडमध्ये ग्रॅहम चेनसॉ चालवत होता, कानठळ्या बसवणारा आवाज आणि लाल भुश्श्याचा पाऊस. करवत अस्वलाच्या सडलेल्या पायांशी, नको तेवढंच कापत होती. पण रघुवीर दारातून पाहत होता, आणि त्याला दिसलं ते एवढंच की निजलेल्या त्या माणसाच्या अंगाशी करवत चाललीय. ग्रॅहमनं त्याला पाहिलं, करवतीचा वेग कमी केला आणि शेंदराकडं मान उडवून, हा कचराही निघणार अशा अर्थानं म्हणाला, "दॅट रबिश इज कमिंग ऑफ टू."

झालं. रघुवीर रेड्यासारखा मुसंडी मारून गेला. ग्रॅहमच्या नाकावर पहिला ठोसा बसला तेव्हा ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. करवत हातातून सुटली, फिरती साखळी रघुवीरच्या कोपराखाली चाटून गेली आणि मांस उघडं पडलं. पण त्याला त्याची शुद्ध नव्हती. त्यानं ग्रॅहमला गळपट्टीला धरून भिंतीवर आपटला, मग परत आपटला. करवत जमिनीवर पिसाळल्या कुत्र्यासारखी गोल फिरत होती. मी डबा टाकून तिच्यावर कोपऱ्यातलं घोंगडं फेकलं, ते तिनं चिंध्या करून गिळलं आणि तेव्हा कुठं ती अडकून बंद पडली. अस्वलाच्या तोंडावर दोघांचंही रक्त उडालं होतं. ग्रॅहमचे दोन दात मला भुश्श्यात सापडले. ते मी रुमालात बांधून ॲम्ब्युलन्सवाल्याला दिले, तो थँक्यू म्हणाला.

कोपराखाली टाके पडले, आणि नोकरी गेली. खांबाच्या आसपास फिरकायचं नाही असं म्युझियमनं सांगितलं. ग्रॅहमनं पोलिसात काय करायचं ते अजून ठरवलं नव्हतं. पण रघुवीरला चौकीची फिकीर नव्हती, तिथं त्याची ओळख होती. तो घरात एकच गोष्ट बोलत बसला, की ते लोक शेंदूर खरवडून काढतील आणि सतीशचा वीरगळ जाईल. तेव्हा मला कळलं तो माणूस कोण ते.

आठवड्याभरात हायडा कारागीर आला. त्याचं नाव वॉलेस. आमच्याच वयाचा, पांढऱ्या केसांची वेणी, डाव्या हाताची दोन बोटं मासेमारीच्या बोटीवर यंत्रात गेलेली. म्युझियम सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला घाबरत घाबरत लाल रंग दाखवला, मारामारी सांगितली. तो म्हणाला, त्या माणसाला मला भेटायचंय. मग मीच त्याला गाडीतून रघुवीरच्या घरी नेला. वाटेत विचारलं, मार देणार आहात का. म्हणाला, आधी चहा घेऊ.

रघुवीरनं आपल्या फाउंड्रीतल्या इंग्रजीत वीरगळ समजावला. लढाई, अप्सरा, नंदी, महादेव. अप्सरेला चोच आहे इथपर्यंत आल्यावर वॉलेस असा हसायला लागला की चहा नाकात गेला. सुप्रभानं पाठीवर थापटलं. डोळे पुसून तो म्हणाला की खांब खराच एका मेलेल्या माणसासाठी आहे, तेवढं तुमचं बरोबर. एक मुखिया गेला, त्याच्या मागं त्याच्या बहिणीच्या मुलानं, म्हणजे भाच्यानं, तो उभा केला. आमच्यात वारसा मामाकडून भाच्याकडं जातो. डोमकावळा, देवमासा या त्या घराण्याच्या खुणा. वरचा टोपीवाला राखणदार. येणाऱ्या होड्यांवर नजर ठेवणारा.

रघुवीरनं विचारलं, "आणि अस्वलानं खाल्ला तो?"

वॉलेस म्हणाला, "खाल्ला कुठं? ती त्याची आजी आहे. आमची एक बाई अस्वलाच्या घरी नांदायला गेली, तिचा हा वंश. तिनं नातवाला तोंडात धरलंय. मांजर पिलाला धरतं तसं."

मग वॉलेसनं बाकीचं सांगितलं, खालच्या आवाजात, कपाकडं बघत. गोऱ्यांच्या जहाजांतून देवी आली. अंगावर फोड, फोडांतून पू. दहा माणसांतली नऊ गेली. आईच्या छातीवर पोर मेलं आणि पोराच्या आधी आई. घरांत प्रेतं तशीच, पुरायला कोणी उरलं नाही. जे उरले ते होडीत बसून दुसऱ्या गावी गेले. मग मागं करवती घेऊन माणसं आली, आणि कुणी हाकलायला नाही म्हणून खांब पाडून, तुकडे करून, जहाजात भरून नेले. या खांबाच्या पाठीवर त्या करवतीचे दात आहेत, तो म्हणाला, उद्या दाखवतो. तेव्हा करवत बघून तुझं डोकं फिरलं, हे मला समजतं. खरं म्हणजे आमचे म्हातारे म्हणतात खांबाला पडू द्यावं, कुजू द्यावं, मातीत जाऊ द्यावं. पण ते आपल्या मातीत. परक्या मातीत त्याला पाडून ठेवायचं नाही, असं घराण्यानं ठरवलंय. घरी न्यायचं बोलणं चाललंय. तोवर त्यानं उभं राहावं.

मग म्हणाला की आमच्यात कुणी चारचौघांत अशी अब्रू घालवली, तर त्यानं लोकांना बोलावून जेवू घालायचं, हातात भेट द्यायची, आणि सगळ्यांसमोर उभं राहून काय झालं आणि का झालं ते खरं सांगायचं. लोक जेवले की धुतलं गेलं. ज्याला मारलं त्यानंही जेवायला हवं. हे केलंस, आणि तो लाल रंग स्वतःच्या हातानं काढलास, तर खांब उभा करताना तू दोर धरशील. नाहीतर दुरूनही बघायचा नाही.

मी मांडीवर थाप मारली. गोतपंगत! आमच्या आजोबांच्या काळी वाळीत पडलेल्याला गोत असंच परत घ्यायचं. बेटावरची माणसं आणि आम्ही, एका पंगतीतले निघालो.

जेवण घालायला रघुवीर तयार होता. शेंदूर काढायलाही झाला. पण का मारलं हे सांगायचं म्हटल्यावर उठून परसात गेला आणि लाकडं फोडत बसला. दुपारभर फोडली. त्यापेक्षा तुरुंगात जातो म्हणाला. मला नवल वाटलं, पाच जणांशी लढलेल्या भावाची गोष्ट सांगायला काय जड? सुप्रभा दारात उभी राहून म्हणाली, "मारायला हात उठतो तुमचा, सांगायला जीभ उठत नाही." त्यावर त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात अशी रुतवली की ती काढायला दोघं लागले.

पण दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला, वॉलेसच्या शब्दावर म्युझियमनंही आत सोडलं. वॉलेसनं औषध आणि कापसाच्या काड्या दिल्या. ज्या हातानं दारं फोडली, त्या हातानं रघुवीर कित्येक आठवडे एकेक थर सोडवत बसला. शेजारी ग्रॅहम, नाकाला पट्टी, बोलायचं नाव नाही, फक्त काडी चुकीची फिरली की घसा खाकरायचा. पलीकडं वॉलेस नव्या लाकडात अस्वलाचे पाय तासत असायचा. त्यानं वापरलेलं हत्यार बघून रघुवीरनं घरून बापाचा वाकस आणला आणि न बोलता त्याच्यापुढं ठेवला. वॉलेसनं धार बोटावर घेतली, रक्त आलं, तो खूश झाला.

शेवटचा थर निघाला तेव्हा आत चेहरा होता. मी समजत होतो किंचाळणारा असेल. तर डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि दोन्ही हातांनी अस्वलाचा खालचा ओठ घट्ट धरलेला. रघुवीरनं हातातली काडी खाली ठेवली. मग मला म्हणाला, शनिवारी हॉल मिळतो का बघ.

मंडळाच्या हॉलमध्ये पंगत बसली. म्युझियमची माणसं, मंडळाची माणसं, वॉलेस, आणि दाराजवळच्या खुर्चीत, पटकन निघता यावं म्हणून, ग्रॅहम. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. सुप्रभानं तिखटात कसूर ठेवली नव्हती. जेवण वाढलं, पण वॉलेसनं हात वर केला, अजून कुणी खायचं नाही. रघुवीर उभा राहिला. इंग्रजीत जमणार नाही म्हणाला. तो मराठीत बोलेल आणि मी इंग्रजी करीन असं ठरलं.

"माझा भाऊ पाच जणांशी लढला नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं मला कोपरानं ढोसलं, सांग. मी सांगितलं.

"तो चिप्स आणायला गेला होता. दोन पुड्या. एक त्याची, एक माझी. मी पलीकडच्या फुटपाथवर उभा होतो. दुकानातून बाहेर आला आणि मागनं कुणीतरी लोखंडी पहार घातली. तो पडल्यावर त्याला बुटांनी तुडवला. डोकं, पोट, तोंड. मध्ये गाड्या होत्या, मी पोचेस्तोवर ते पळाले. त्यानं हात उचलला नाही. हातात पुड्या होत्या. मेला तरी सोडल्या नव्हत्या. मला त्याची बोटं उघडावी लागली."

एवढं सगळं मी इंग्रजीत सांगितलं.

"आमच्यात झुंजून मरेल त्याचाच वीरगळ करतात," रघुवीर म्हणाला. "मार खाऊन मरेल त्याचा नाही. म्हणून मी त्याला झुंजवला. आणि खांबावरचा तो माणूस मला सतीश वाटला. या साहेबानं करवत लावली म्हणून मारलं. साहेबाचा दोष नव्हता."

वॉलेस बसल्या जागेवरून म्हणाला, "आमची गावंच्या गावं हात न उचलता मेली. देवी झुंजायला सवड देत नाही. आम्ही काय त्यांना खांबाशिवाय ठेवलं?"

मग सगळे ग्रॅहमकडं बघायला लागले. त्यानं रश्श्याची वाटी उचलली, तोंडाला लावली आणि मोडलेल्या नाकातून पाण्याची धार लागली. डोळे लाल, कान लाल. खोकला, परत प्याला. वाटी पुढं करून म्हणाला, लालवालं आणखी आहे का. सुप्रभानं वाढलं. तेव्हा बाकीचे जेवले.

भेट म्हणून रघुवीरनं प्रत्येकाला टॉवेल-टोपी दिली, आमच्याकडच्या रीतीनं. वॉलेसनं टोपी वेणीवर चढवली आणि खांबावरच्या राखणदारासारखा लांब नजर लावून बसला. ग्रॅहमची टोपी कानांवर उतरली. पोलिसांना त्यानं पुढं काही सांगितलं नाही.

खांब उभा केला तो दिवस वाऱ्याचा. वॉलेसनं क्रेन नको म्हटलं, माणसांनी ओढायचा. चारी बाजूंनी दोर, शंभरेक माणसं, अर्धी मराठी. खांब अर्ध्यावर आला आणि वाऱ्यानं एक बाजू सुटली. दोर सापासारखा फणफणत गेला, त्यानं दोघांना लोळवलं, एकाचा खांदा निखळला. तो सगळा भार झुकला तो नेमका रघुवीरच्या दोरावर. त्याच्या पुढं ग्रॅहम होता. दोघांचे पाय हिरवळ उपटत घसरत गेले, तळहातांची सालं निघाली, दोर लाल झाला. ग्रॅहम सुटणार तेवढ्यात रघुवीरनं त्याला एका हातानं कमरेला धरून जमिनीत रोवला. दातओठ खात मराठीत अशा शिव्या दिल्या की आमची बायामाणसं दुसरीकडं बघायला लागली, पण दोर सोडला नाही. मग खांब धाडकन खड्ड्यात बसला. पायाखालची जमीन हादरली.

त्या माणसाला पुन्हा शेंदूर लागला नाही. सतीशच्या तिथीला मी रघुवीरला तिथं सोडतो आणि आम्ही समोरच्या बाकावर बसतो. पहिल्या वर्षी ग्रॅहमही आला, मुद्दाम ब्रिस्टलहून. त्याच्या हातात कागदाची पुडी होती, वाफ येत होती. मी मनात म्हटलं, मेला, आता नाक पुन्हा मोडतंय. ग्रॅहमनं पुडी उघडून बाकावर मध्ये ठेवली आणि खांबाकडं बघत बसला.

रघुवीरनं मुठी मांडीवर ठेवल्या होत्या. मग उजवी उघडली, एक चिप उचलली, खाल्ली.

"मीठ कमी आहे," म्हणाला, आणि पुडी स्वतःकडं ओढली.